दोरा बांधलेलं प्यादं

तुमच्या गावच्या चावडीचा ओटा कोणाचा, हा प्रश्न तुम्ही कधी कोणाला तोंडावर विचारला आहे का?

मी विचारला होता. एकोणीस वर्षांचा होतो, पुण्याहून मॅट्रिक होऊन नुकताच मार्गासनीला परतलो होतो, आणि माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. भर दुपारी चावडीसमोर उभा राहून मी खणखणीत आवाजात विचारलं, "हा ओटा कोणाचा?" ओट्यावर घोंगडी, घोंगडीवर बुद्धिबळाचा पट, आणि पटाभोवती सहा माणसं. एकानेही मान वर केली नाही. थोड्या वेळाने त्यांतला एक म्हणाला, "जरा सरकून हुबा ऱ्हा रं. उजेड अडतोय."

माझी वाढ पत्रकांवर झाली आहे, हे मी लपवत नाही. आमच्या घरी वडिलांकडे कुठून कुठून पत्रकं येत, आणि अक्षरं लागायला लागल्यापासून मी ती वाचत असे. पत्रकाची एक खोड असते. त्यातलं प्रत्येक वाक्य शेवटचं असल्यासारखं लिहिलेलं असतं. मीही तसाच बोलू लागलो होतो. आई जेवायला हाक मारी, तेव्हा मी नुसतं "आलो" म्हणत नसे. "अन्न हा प्रत्येकाचा हक्क आहे" असं काहीतरी म्हणून उठत असे. आई म्हणायची, "हक्क गार होतोय."

तर ओट्याचं प्रकरण असं होतं. पुण्याहून एक साप्ताहिक मी टपालाने मागवत होतो. ते नसरापूरपर्यंत मोटारीने यायचं आणि पुढे डाकवाल्याच्या पायांनी. ज्या दुपारी ते आमच्याकडे पोचायचं, त्या दुपारी मी चावडीच्या पायऱ्यांवर बसून ते मोठ्याने वाचायचो. ऐकायला चार-सहा माणसं असत. पैकी दोघांना सावली हवी असे, एकाला ऐकू कमी येई, आणि एक जण बैलाच्या खुराला लोखंडी पत्री ठोकून होईपर्यंत थांबलेला असे. खरं ऐकणारं माणूस एकच होतं. गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला धनगरवाडा आहे, तिथली एक म्हातारी.

ती आठवड्यातून एकदा लोणी घेऊन खाली उतरायची. दुकानात लोणी घालायची आणि रिकामं गाडगं शेजारी ठेवून चावडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसायची. तिचा मुलगा लढाईवर होता. शेरडा-मेंढरांची सवय बघून त्याला खेचरांच्या तुकडीत घेतलं होतं आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर धाडलं होतं. त्याचं पत्र यायचं, पण सहा-सहा महिन्यांनी. मधल्या काळात तिला वर्तमानपत्र हेच पत्र होतं.

पहिल्याच दिवशी मी तिला समजावून सांगितलं होतं की ही लढाई आपली नाही, आपल्या लोकांनी तीत जाणं तत्त्वतः चूक आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्ये तू त्याला लिव. मला फकस्त तिकडं काय झालं त्ये सांग."

आता ज्या ओट्याच्या पायऱ्यांवर मी वाचायचो, त्याच ओट्यावर बुद्धिबळ चालायचं. आमच्याकडचं बुद्धिबळ म्हणजे दोघांचा खेळ नव्हे. दोघे मोहरी हलवतात आणि चौघे ओरडतात. कोणाचा हत्ती कुठे जावा, हे ज्याचा हत्ती आहे त्याच्याखेरीज सगळ्यांना माहीत असतं. त्या गलक्यात माझं वाचन चालायचं. एका आठवड्याला नेमका ब्रह्मदेशाचा मजकूर आला आणि ओट्यावर कोणाचा तरी वजीर कोंडीत सापडला. मी वाचलं, आरडाओरड्यात ते कोणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा वाचलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी पायरीवर उभा राहून वाचू लागलो, तेव्हा वरचा एक जण म्हणाला, "पुढारी, जरा दमानं. हितं वजीर मरतुया." म्हातारीने सूर्याकडे बघितलं. वाडीवर पोचायला तीन तास लागायचे. गाडगं उचलून ती न ऐकताच निघून गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात मी तो प्रश्न विचारला. आणि उजेड अडवल्याबद्दल बोलणी खाल्ल्यावर तडक पाटलांकडे गेलो.

आमचे पाटील न्यायी होते, पण आळशी. न्याय करायला उठावं लागणार नसेल, तर ते तो ताबडतोब करत. त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं, "हे बघ, ओटा गावाचा. अन् गाव त्याच्यावर बुद्धिबळ खेळतंय. तुला जागा पायजे तर जमादाराला हरव. जिंकलास तर पेपरच्या दिवशी ओटा तुझा, पट गुंडाळलेला. हरलास तर तू तुझं वाचन घेऊन कोंडवाड्याकडं जायाचं."

"कोंडवाड्याकडे? गुरांना वाचून दाखवू?"

"न्हाई तरी काय? ऐकता ऐकता उठून तरी जायची न्हाईत."

जमादार म्हणजे आमच्या ओट्याचे सम्राट. मी त्यांना जमादारआबा म्हणत असे. सारी नोकरी त्यांनी भोरला संस्थानाच्या पोलिसात काढली होती आणि तिथेच पहाऱ्यावर बसल्या बसल्या बुद्धिबळ शिकले होते. पण ते साधं जिंकत नसत. आमच्या जुन्या पद्धतीत मात कशाने केली याला मोल असतं. हत्तीने, वजिराने मात करणं हे कोणालाही जमतं. प्याद्याने मात करणं, म्हणजे प्यादेमात, ही खरी. जमादारआबा त्याच्याही पुढे जात. डाव रंगात यायच्या आधीच ते आपल्या एका प्याद्याला दोरा बांधत आणि सांगत, "ह्या प्याद्यानं मारणार." आणि मारत.

आणखी एक नियम सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. समोरच्याचा राजा अगदी एकटा उरला, सोबतीला एकही मोहरं राहिलं नाही, की डाव तिथेच थांबतो. त्याला बुर्जी म्हणतात. बुर्जी म्हणजे अर्धी जीत. जिंकणाऱ्याला ती हरण्यापेक्षा लाजिरवाणी वाटते, कारण त्याने मारझोड पुष्कळ केली पण मात करता आली नाही, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून नामांकित खेळाडू समोरच्याचं शेवटचं मोहरं कधी मारत नाही. राजाच्या जोडीला एक तरी ठेवतो आणि मग मात करतो.

ठरल्या दिवशी पेपर आला. पाटील जातीने ओट्यावर येऊन बसले होते. डाकवाल्याच्या हातून त्यांनीच तो घेतला आणि न उघडता, घडीचा घडी, आपल्या मांडीखाली घातला. "निकाल लागल्याबिगर पेपर सुटायचा न्हाई," ते म्हणाले. म्हातारी खालच्या पायरीवर होती. तिने एकदा पाटलांच्या मांडीकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. त्या आठवड्याचा ब्रह्मदेश पाटलांच्या मांडीखाली होता.

मी बुद्धिबळ अगदीच अडाण्यासारखं खेळत नव्हतो. पुण्यात शिकताना खोलीतल्या सोबत्याने मला एक नवी सुरुवात शिकवली होती. राजा-वजिरापुढची मधली प्यादी हलवायचीच नाहीत. उंटापुढचं प्यादं आधी सरकवायचं, मग घोडा, मग उंटाला कडेच्या घरात आणून बसवायचं, आणि असं बाजूबाजूने मधल्या घरांवर दडपण आणायचं. खेळ म्हणून ती चांगली होती की नाही, मला ठाऊक नाही. मला ती विचार म्हणून पटली होती. आमच्या पत्रकांत नेहमी असायचं, की राजधानीत काही होणार नाही, खेड्यांपासून सुरुवात करा. इथे मध्यभागी राजे-वजीर बसलेले आणि आपण कडेच्या घरांतून, म्हणजे वेल्ह्या-मार्गासनीकडून, निघालेलो. मला तर तो डाव नव्हे, कार्यक्रम वाटायचा.

दुसरंही एक तत्त्व मी ठरवून आलो होतो. एकही प्यादं बळी द्यायचं नाही. वरच्यांनी सुरक्षित बसायचं आणि गरिबांनी पुढे होऊन मरायचं, ही रीत मी माझ्या बाजूच्या चार रांगांत तरी चालू देणार नव्हतो.

पहिली चाल माझी होती. उंटापुढचं प्यादं मी एक घर पुढे केलं आणि हात मागे घेतला. ओटा चकित झाला. तिथे कोणी तशी सुरुवात करत नसे.

"ह्ये काय?" एकाने विचारलं.

"पुन्याची चाल असंल," दुसरा म्हणाला.

जमादारआबांनी बराच वेळ पटाकडे बघितलं. मग आपलं उंटापुढचं प्यादं एक घर पुढे केलं. अगदी तेच.

मी घोडा काढला. त्यांनी घोडा काढला. मी घोड्यापुढचं प्यादं सरकवलं, त्यांनीही. मी उंट त्या रिकाम्या घरात नेऊन बसवला. त्यांचा उंट त्यांच्या रिकाम्या घरात जाऊन बसला. बघे हसायला लागले.

"पुढाऱ्याच्या मागं मागं जायाचं असतंय. जमादार शिकले!"

"आबा, तुमी काय आरशात बघताय काय?"

जमादारआबांनी पागोट्याच्या शेवातून एक लाल दोरा ओढून काढला, दातांनी तोडला, आणि ते पहिलंच, माझ्या देखादेखी सरकवलेलं प्यादं उचलून त्याच्या गळ्यात बांधला. "ह्यानं मारणार," ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मीच आणलेली चाल उचलायची आणि वर तिनेच मला मारायचं जाहीर करायचं!

"आबा, तुम्हांला स्वतःची चाल नाही का?"

"तुझी चांगली हाय की."

"दुसऱ्याची नक्कल करणं ही गुलामी आहे!" मी म्हणालो. हे वाक्य एका पत्रकातलं होतं. तिथे ते फार परिणामकारक वाटलं होतं.

जमादारआबांनी तंबाखू मळता मळता विचार केला. "गुलामी कशी? डोकं तू शिणवतोस. म्या बसून खातो. आता ह्यात मालक कोन झाला, सांग."

ओट्यावर जो हशा उठला, त्यात पाटीलही होते आणि पेपर त्यांच्या मांडीखाली हलत होता.  

आठ चाली झाल्या. पट मधोमध दुमडला असता तर माझं प्रत्येक मोहरं त्याच्या जोडीदाराच्या डोक्यावर जाऊन बसलं असतं. मला पुढचं काही शिकवलेलं नव्हतं. सोबत्याने एवढंच सांगितलं होतं की इथून पुढे समोरचा कसा खेळतो ते बघून खेळायचं. पण समोरचा मी कसा खेळतो ते बघून खेळत होता. एकमेकांकडे बघत आम्ही दोघे इतका वेळ बसलो, की बघ्यांपैकी एक जण घरी जाऊन म्हशीला पाणी दाखवून आला.

मग मला एकदम वीज चमकल्यासारखं झालं. जगात एकच चाल अशी आहे, जिची नक्कल करता येत नाही. शह! शह दिला की समोरच्याला आधी आपला राजा वाचवावा लागतो. मी वजीर उचलला, मोकळ्या तिरप्या वाटेने थेट त्यांच्या राजावर नेला आणि मांडीवर थाप मारली.

"शह! आता करा नक्कल!"

 माझ्या बाजूचे दोघे-तिघे, म्हणजे सावलीला येणारे, उठून उभे राहिले. पायरीवरून म्हातारीने विचारलं, "संपलं व्हय?"

"अजून न्हाई, म्हातारे," पाटील म्हणाले.

जमादारआबांनी राजा हलवलाच नाही. एक साधं प्यादं घर पुढे सरकवून मध्ये उभं केलं. शह अडला. एवढंच नव्हे, ते प्यादं आता माझ्या वजिरावरच चालून आलं होतं, आणि मागे पळायच्या वाटा माझ्याच हौसेने पुढे काढलेल्या मोहऱ्यांनी अडवल्या होत्या. एक वाट होती. पण त्या वाटेने वजीर गेला असता, तर हत्तीपुढचं माझं एक प्यादं उघडं पडून मेलं असतं.

"प्यादं जाऊ दे," पाटील न राहवून म्हणाले. "वजीर वाचव."

"प्यादं मरू देणार नाही," मी म्हणालो.

"अरं, पन वजीर जाईल!"

"जाऊ दे. आजवर वजिरांसाठी प्यादी मेली. आज प्याद्यासाठी वजीर मरेल!"

टाळ्या पडल्या. वजीरही पडला.

पुढच्या तासाभराचं वर्णन मी करणार नाही. वजीर गेलेल्या राज्यात प्याद्यांना कोण विचारतो, हे माझ्या कुठल्याच पत्रकात छापलेलं नव्हतं. ज्या प्याद्यासाठी वजीर दिला, ते चार चालींनी मेलं. दोन्ही घोडे गेले. एक हत्ती मी स्वतःच चुकून त्यांच्या उंटाच्या तोंडात नेऊन ठेवला, त्यावर एक जण म्हणाला, "पुढारी दानशूर हाय." शेवटी माझ्याकडे राजा उरला आणि एक प्यादं. दुसऱ्या कडेचं, तिकडच्या हत्तीपुढचं. जमादारआबांकडे अर्धं सैन्य शाबूत होतं, आणि त्यात ते लाल दोऱ्याचं प्यादंही.

इथून खरी गंमत सुरू झाली. जमादारआबांच्या मनात आलं असतं, तर हत्तीने दोन चालींत मात होती. पण त्यांनी दोरा बांधला होता. आमच्या पद्धतीत प्यादं एका वेळी एकच घर चालतं, त्यामुळे ते दोरेवालं प्यादं वरातीच्या घोड्यासारखं थांबत थांबत पुढे येत होतं, आणि माझ्या राजाला कुठे जाऊ न देता, पण मरूही न देता, त्याच्यासाठी थांबवून ठेवावं लागत होतं. इकडे माझं एकुलतं एक प्यादं त्यांच्या बाजूच्या शेवटच्या रांगेकडे निघालं. तिथे, हत्तीच्या घरी, पोचलं तर आमच्या पद्धतीप्रमाणे त्याचा हत्ती झाला असता. त्याला मारता येत नव्हतं. मारलं की माझा राजा एकटा, म्हणजे बुर्जी. म्हणून जमादारआबांनी त्याच्यापुढे आपला घोडा आणून उभा केला आणि बाजूला हत्ती ठेवला. घोडा वाट अडवून, हत्ती नजर ठेवून, आणि दोघांपैकी कोणी त्याला हात लावायचा नाही. माझ्या साऱ्या फौजेत इतकी बडदास्त कोणाची राहिली नव्हती. पकडता येत नाही आणि सोडवतही नाही अशा सत्याग्रहीला ठेवतात, तसं त्यांनी त्याला ठेवलं होतं.

सावल्या रस्त्यावर आल्या. म्हातारी गाडगं बाजूला ठेवून दोन पायऱ्या वर आली होती. पटाकडे तिने आजवर कधी बघितलं नव्हतं. आता ती टक लावून बघत होती.

"लेकरा, तुझं कुठलं?" तिने मला विचारलं.

"तो राजा. आणि तिकडे कडेला उभं आहे ना आजी, ते एक प्यादं."

"बाकी?"

"मेले."

"अन् त्या एकल्याला का मारत न्हाईत?"

मी तिला सांगितलं. ते मेलं की डाव अर्ध्यावर सुटतो. मग आबांची जीत अर्धीच राहते, मात होत नाही, आणि दोरा बांधल्याची लाज जाते. म्हणून ते आधी राजाला मारणार.

"अन् राजा कधी मरायचा?"

"दोऱ्याचं प्यादं येऊन पोचलं की. अजून तीन-चार चाली."

"म्हंजी त्ये पोचलं की तू कोंडवाड्यात?"

"हो."

"अन् ह्ये एकलं मेलं तर?"

"तर कोणीच हरलं नाही."

तिने मान हलवली. जमादारआबांनी दोरेवालं प्यादं एक घर पुढे ढकललं. माझा राजा बाजूला झाला. त्यांनी विचार करत करत हत्ती सरकवला. माझा राजा परत आला. आता त्यांना मात दिसत होती. मलाही दिसत होती. दोनच चाली. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि पाटलांना म्हणाले, "पाटील, कोंडवाडा झाडून घ्या."

तेव्हा म्हातारी बोलली.

"काय वो जमादार, भोरला तुमी पोलिसात व्हता न्हवं?"

"व्हतो की," जमादारआबा पटावरून नजर न काढता म्हणाले. "उभी हयात गेली."

"चोर धरला कधी?"

"म्हंजी?"

"न्हाई, इचारलं. हितं घोडा पुढ्यात, हत्ती बगलंत, अन् मधी एक उघडं पोरगं. घंटाभर झाला, तुमाला धरवंना. मंग भोरात काय केलं आसंल?"

ओटा असा हसला की वरची पाखरं उडाली. पाटील डोळे पुसत होते. एक जण म्हणाला, "म्हातारे, भोरात चोरच जमादाराला धरायचे!" आणखी एकाने भर घातली, "धरायचे अन् घरी आनून सोडायचे!"

जमादारआबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ते सगळं ऐकून घेत, पण नोकरीवर बोललेलं कधी ऐकून घेत नसत. "धरवत न्हाई?" ते गरजले. "मला धरवत न्हाई? ह्ये घे!" आणि हत्ती उचलून त्यांनी माझ्या प्याद्यावर असा हाणला, की प्यादं उडून पाटलांच्या पुढ्यात पडलं.

सगळे हसतच होते. मग एकेक जण थांबला. पटावर माझा राजा एकटा उभा होता.

"बुर्जी," पाटील म्हणाले.

जमादारआबांनी हातातल्या हत्तीकडे बघितलं. मग दोऱ्याच्या प्याद्याकडे बघितलं. मग म्हातारीकडे. ती खाली उतरून आपल्या पायरीवर बसत होती.

मग जे भांडण झालं, ते डावापेक्षा मोठं होतं. जमादारआबांचं म्हणणं, मी हरलो नाही, म्हणजे ओटा माझ्याकडेच. माझं म्हणणं, मी हरलो नाही, म्हणजे मी कोंडवाड्यात जात नाही. दोघांचंही बरोबर होतं. पाटलांनी पेपर मांडीखालून काढून वारा घ्यायला सुरुवात केली. शेवटी जमादारआबांनी मनातली गोष्ट बाहेर काढली.

"पाटील, मला पेपरचा राग न्हाई. पेपर आमालाबी ऐकायचाय. पन ह्यो वाचतो ओंजळभर अन् बोलतो हंडाभर! एक बातमी वाचली की हिचा अर्थ असा, अन् तिचा अर्थ तसा, अन् तुमी झोपलाय, अन् तुमी गुलाम हाय. आमी गलका करतो त्ये ह्याचं भाषान ऐकू येऊ नये म्हनून."

मी आधारासाठी म्हातारीकडे वळलो. "आजी, तुम्हीच सांगा. माझं बोलणं तुम्हांला नको असतं का?"

"तू चांगला हायस," ती म्हणाली. "पन लई बोलतोस, बाबा."

हे मला त्या दिवसाच्या वजिरापेक्षा जास्त लागलं. हरण्याची मी तयारी ठेवली होती. इतके दिवस तिची बातमी बुडत होती ती वरच्यांच्या गलक्यात, असं मी समजत होतो. तो गलका माझ्यामुळेच होता.

पाटलांनी बसल्या जागेवरून निकाल दिला. "अर्धी जीत म्हंजी अर्धं अर्धं. पेपर आला की आधी पेपर. तवर पट गुंडाळलेला, कुनी ब्र काढायचा न्हाई. पन पेपर म्हंजी पेपर. ह्याचं भाषान सुरू झालं, की जमादारानं पट उलगडायचा." आणि त्यांनी पेपर माझ्या हातात दिला. तो कोमट झाला होता.

मी घडी उलगडली. नेहमी मी अग्रलेखापासून सुरुवात करायचो. त्या दिवशी तो ओलांडून आतलं पान काढलं आणि शोधून वाचलं. "ब्रह्मदेशच्या आघाडीवर विशेष घडामोड नाही."

"म्हंजी?" म्हातारीने विचारलं.

माझं तोंड उघडलं. विशेष म्हणजे काय, कोणाच्या दृष्टीने विशेष, ही बातमी कोणी पुरवली आणि कोणी गाळली, हे सगळं जिभेवर आलं होतं. जमादारआबांचा हात पटाच्या टोकाकडे गेला.

"म्हणजे तिकडे काही झालं नाही," मी म्हणालो.

"काई झालं न्हाई?"

"नाही."

"परत वाच."

मी परत वाचलं. ओट्यावर कोणी हललं नाही. तिने तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं, तेव्हा मी आणखी सावकाश वाचलं. पाचच शब्द होते. कितीही सावकाश वाचले तरी लवकर संपत होते. मग तिने गाडगं उचललं, पदर सारखा केला आणि वाडीच्या वाटेला लागली.

त्यानंतर बरेच महिने तो करार चालला. भाषण करायचं मी सोडलं नाही. मला ते सोडता येत नाही, तुम्ही हे वाचताना पाहतच आहात. पण ते बातम्यांनंतर करू लागलो, आणि पट उलगडल्याचा आवाज आला की आवरतं घेऊ लागलो. जमादारआबा लढाईची बातमी सगळ्यांत पुढे बसून ऐकत. म्हातारीला बुद्धिबळ येत होतं की नव्हतं, यावर ओट्यावर अजून वाद आहे. तिला कोणी विचारलं तर ती म्हणते, "मला काय कळतंय त्यातलं?" तिचा मुलगा पलटणीतच आहे. पत्र येतं, पण उशिरा.

माझी तुम्हांला एक मागणी आहे, आणि ती पत्रकातली नाही. तुमच्या गावी पेपर येत असेल आणि तुम्हांला वाचता येत असेल, तर या आठवड्यात तो घेऊन चावडीवर जा. ज्याला अक्षर येत नाही पण ज्याचं कोणीतरी दूर आहे, असं माणूस शोधा. फार शोधावं लागणार नाही. त्याला आधी विचारा, कुठलं वाचू? ते सांगेल तेच वाचा, जसं छापलंय तसं. आणि "परत वाच" म्हणालं, तर परत वाचा.